बालाघाटाच्या चढावर

वारीला गेलं की दुःख हलकं होतं असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यातले बरेच जण एकादशीला गाडी करून दर्शनाला जाणारे. पायी चालणाऱ्या बायका असलं काही सांगत नाहीत. त्या विचारतात, चप्पल जुनी घेतलीस का नवी, आणि पिशवीत कैलास जीवन टाकलंस का.

2020 आणि 2021 अशी दोन वर्षं पायी वारी बंद होती. नाथांच्या पादुकासुद्धा पैठणहून एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, आमचे हे गेले. दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात. तोंड दिसलं नाही, हात लावता आला नाही. कडू घास घेऊन कोणी दारात आलं नाही, आणि येणार तरी कसं? फोन मात्र पुष्कळ आले. देवाची मर्जी, म्हणायचे सगळे. मी हं म्हणायचे. पुढच्या वर्षी वारी सुरू झाली तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "जाऊन ये. भिंतीकडं बघत बसतीस त्यापेक्षा चाल."

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते आणि नगर, बीड, धाराशिव करत आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. आळंदी-देहूच्या पालख्यांमागं असतात तेवढे कॅमेरे इथं नसतात. पाऊस झाला तर काळ्या रानातला चिखल पायाला किलो-किलोनं चिकटतो, नाही झाला तर गावोगावी टँकर. गजर 'भानुदास एकनाथ'चा. पहिले काही दिवस मी तो नुसता ऐकत होते. एका मुक्कामी कीर्तनात महाराजांनी प्रारब्ध समजावून सांगितलं, मागच्या जन्मीचं या जन्मी फेडावं लागतं वगैरे. मी उठून पाण्याच्या टँकरकडं गेले. आजही कुणी दुःखाचा हिशोब मांडायला लागलं की मला तिथं बसवत नाही.

रायमोह्याच्या पुढं बालाघाटाचा चढ लागतो. माझ्या टाचेला फोड आला होता. दिंडीतल्या एका मावशींनी मला दगडावर बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. पाय धुतलेला नव्हता. त्यांनी पदरानं पुसला. वर्षभरात मला असा कुणी हात लावला नव्हता. मी तिथंच हमसून रडायला लागले.

"मालक गेले का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "तोंड बघाया मिळालं?" नाही म्हटलं. "मव्ह्या लेकाचंबी न्हाई मिळालं. ऊसतोडीला कर्नाटकात गेल्ता. टॅक्टर उलाटला." एवढंच बोलल्या. मग उठून स्वतःच्या डोक्यावरचं पितळी तुळशीवृंदावन माझ्या डोक्यावर ठेवलं. "घे थोडा येळ. मान नीट धर."

ओल्या मातीनं भरलेलं ते वृंदावन चांगलंच जड असतं. एक हात वर धरावा लागतो, आणि खाली बघून चालताच येत नाही. चढ संपेपर्यंत डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मान ताठ होती. मावशी मागून 'भानुदास एकनाथ' म्हणत होत्या. कधीतरी मीही म्हणायला लागले.

गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात चुकलेलं, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातलं लेकरू नाथांनी उचलून कडेवर घेतलं, ही गोष्ट पैठणच्या बाजूला सगळ्यांना पाठ असते. लहानपणापासून ऐकलेली. त्यात नाथ त्या लेकराला काहीही समजावून सांगत नाहीत, हे माझ्या ध्यानात त्या चढावर आलं. गंगाखेडच्या जनाबाईचंही तेच. विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरतो, पण दळण काही माफ करत नाही! देवाकडून मला जे मिळालं ते याच जातीचं होतं. हे परत आले नाहीत, का गेले तेही कळलं नाही. ओझ्याला आणखी एक हात लागला.

पंढरपुरात मी पायांवरच्या दर्शनाच्या बारीला उभी राहिले नाही, कळसाला हात जोडले. पांडुरंगाशी माझं जे बोलायचं होतं ते चढावर झालं होतं.

त्यानंतरही मी जाते. एका वर्षी पाटोद्याजवळ एक नवी मुलगी ट्रकच्या सावलीत एकटीच बसलेली दिसली. तिला काय झालंय ते विचारलं नाही. "तुळस घेतीस का?" म्हटलं. तिनं घेतली. दुसऱ्या दिवशी तिनंच सगळं सांगितलं, भाकरी खाता खाता.

गावात कुणाकडं मयत झाली तर मी आता तेरावा उरकल्यावर जाते. पाहुणे पांगलेले असतात, भांडी परत गेलेली असतात, आणि बाई एकटीच असते. निवडायला ज्वारी असेल तर सूप पुढ्यात ओढते. विठोबाचं नाव आपणहून काढत नाही. तिनं काढलं तर हरिपाठ म्हणतो दोघी.