पू, पार्सिफाल आणि समोरचं घर

इटलीतल्या बोलोन्यात राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात समोरच्या सिन्योरांनी, म्हणजे समोरच्या घरातल्या बाईंनी, विचारलं, "तुला पू आवडतात का?" मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे या शब्दानं काय येतं ते सांगायला नको. गळू, पोटीस, डॉक्टर. मी चेहरा कसाबसा सरळ ठेवला. मग कळलं, पू म्हणजे गाणारी मंडळी. १९६६ साली इथंच बोलोन्यात जमलेला बँड, नाव 'विनी द पू' या अस्वलावरून. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी "शी!" म्हणाली.

इटलीत पू ठाऊक नाहीत असं घर मला अजून भेटलेलं नाही. १९७१ची 'पेन्सिएरो' आणि 'तान्ता व्होल्या दि लेई' ही दोन गाणी तर पिआत्सोलाच्या बाजारात कपडे विकणारे काकाही म्हणतात. व्हायोलिनांचा भरगच्च थाट, चढे आवाज, विरह. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जी हमखास वाजतात त्या जातीची गाणी. साहजिकच जाणकारांनी नाक मुरडावं अशी. सिन्योरांचे यजमान जाणकारांपैकी.

या आजोबांची तरुणाई प्रोगची, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकची. १९७२ मध्ये पीएफएम आणि बान्को या दोन इटालियन प्रोग बँडचे पहिले अल्बम आले, आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्रजी बँडचा 'पॉन हार्ट्स', ज्याला मायदेशी कुणी फारसं विचारलं नाही, तो इथं चक्क पहिल्या क्रमांकावर गेला. लांबलचक गाणी, मध्येच बदलणारे ताल, पुराणातले विषय. आजोबांच्या फळीवर हीच मंडळी. पूच्या तबकड्या सिन्योरांच्या, आणि त्या वेगळ्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी. पन्नास वर्षांच्या संसारात ही वाटणी मोडलेली नाही.

अपवाद एकच. १९७३ साली पूचा देखणा गायक रिक्कार्दो फोल्यी बाहेर पडला आणि त्याच्या जागी रेड कान्त्सियान आला. हा कॅप्सिकम रेड या प्रोग बँडमधला. तिथं त्यांनी बेथोव्हेनचा 'पाथेतिक' सोनाटा रॉकमध्ये वाजवला होता. मूळचा गिटारवाला, पूमध्ये जागा बास गिटारची होती म्हणून त्यानं बासवर हात बसवला. त्याच वर्षी 'पार्सिफाल' आला. त्यातली बरीचशी गाणी नेहमीसारखी गोड आहेत. शेवटचं, अल्बमच्या नावाचं गाणं मात्र दहा मिनिटांचं. वाग्नरच्या ऑपेरातला तो शूरवीर पार्सिफाल. चाल बँडमधल्याच रोबी फाक्किनेत्तीची. शब्द वालेरिओ नेग्रीनीचे; यानं बँड उभा केला, या अल्बमच्या दोन वर्षं आधी ड्रम्सच्या काठ्या खाली ठेवल्या आणि पडद्यामागून फक्त गीतं लिहू लागला.

मी मिरजेची. दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला दहा मिनिटांचं काय कौतुक! तेवढ्यात विलंबित ख्यालाची धड बढतही होत नाही. त्यामुळे रविवारी सिन्योरांनी तबकडी लावली तेव्हा मी कॉफीकडेच जास्त बघत होते. मोका, म्हणजे इटालियन कॉफीचं भांडं, गुरगुरत होता. गाणं सुरू झालं, मला वाटलं, ठीक आहे, नेहमीचेच पू, जरा उंची कपड्यांत.

आणि मग गाणारे गप्प झाले. गाण्याच्या दुसऱ्या भागात शब्दच नाहीत. ज्या बँडची सारी कमाई गळ्यावर, त्यानं गळे बाजूला ठेवून गिटार आणि ऑर्केस्ट्राला मैदान मोकळं सोडलं. ऑर्केस्ट्रा वाढत जातो, दोदी बात्ताल्याची गिटार त्यावर चढते. हे अस्सल प्रोग आहे का? माझ्या मते अर्धंच. ताल फार वेडेवाकडे जात नाहीत, सुरांची साखरही कमी झालेली नाही. पण हक्काच्या श्रोत्यांसमोर इतका वेळ न गाता उभं राहायला छाती लागते.

एवढ्यात दारात आजोबा. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. आत आले नाहीत, चौकटीला टेकून उभे राहिले.

सिन्योरा माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "गाणं संपलं की येतात. वाजवणं संपलं की जातात."

पूंचं हे धाडस फार टिकलं नाही. पुढचे एक-दोन अल्बम ऑर्केस्ट्राचा हा थाट राहिला. मग १९७६ मध्ये निर्माता जानकार्लो लुकारिएल्लोपासून वेगळे होऊन त्यांनी 'पूलव्हर' स्वतःच काढला, आणि गाणी आटोपशीर, रोजच्या माणसांची झाली. १९९०ला सानरेमोची गाण्यांची स्पर्धा जिंकली तेही साडेतीन-चार मिनिटांच्या गाण्यावर. 'पार्सिफाल' मात्र मैफलींत वाजतच राहिलं.

शेवटचा सूर विरला. सुई खरखरू लागली.

"ऑर्केस्ट्रा जरा जास्तच आहे," आजोबा म्हणाले.

"दर वेळी हेच," सिन्योरा म्हणाल्या आणि तबकडी उलटून पहिली बाजू लावली. पहिलं कडवं सुरू व्हायच्या आत आजोबा चष्मा नाकावर ओढून बाहेरच्या खोलीत पसार. त्यांची कॉफी तिकडे नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं.