215 मिनिटं आणि एक गार चहा

आमच्या शेजारच्या आजी या वर्षी नर्सिंग होममध्ये गेल्या. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आठवतं, इथे ऑस्ट्रेलियात ते तिथे जाणाऱ्या बहुतेकांचं शेवटचं घर. अकरा वर्षं मेलबर्नमध्ये त्यांच्या कुंपणावरून मला लिंबं मिळत होती, म्हणून जमेल तेव्हा शनिवारी जाते.

गेल्या शनिवारी गेले तर चहाचा कप ट्रॉलीवर, त्यांचा हात पोचतो त्याच्या वीतभर पुढे, वर साय धरलेली. म्हणजे कोणीतरी ठेवून गेलं आणि थोड्या वेळाने कोणीतरी तसाच भरलेला कप उचलून नेणार. मी ट्रॉली ओढली तर आजी म्हणतात, त्या पोरींना काही बोलू नकोस हं, फार पळतात बिचाऱ्या.

घरी येऊन सरकारी साइटवर त्या होमचे स्टार बघितले. पाचपैकी चार! स्टाफलासुद्धा चार!!

मग रात्री बसून वाचत राहिले. इथे काळजी मिनिटांत मोजतात. 2024 च्या ऑक्टोबरपासून माणशी दिवसाला 215 मिनिटं, त्यातली 44 रजिस्टर्ड नर्सची. वाचून आधी भारी वाटलं, मग कळलं की ही सरासरी आहे. म्हणजे आजींना 215 मिळतील असं कुठेच लिहिलेलं नाही, होमला नेमून दिलेली मिनिटं सगळ्यांची मिळून सरासरीने भरली की झालं. आणि धरतात कोणाची, तर फक्त नर्स आणि केअर वर्करची. फिजिओने चालवलं ते नाही, दुपारी गाणी लावून चार म्हाताऱ्यांना हसवणारी बाई आहे तिचं तर नाहीच. आता मला सांगा, पैसे कमी पडले की मॅनेजर आधी कोणाचे तास कापणार? आजी गेल्या तेव्हा ती गाणीवाली आठवड्यात तीन दिवस यायची, आता एकच दिवस येते.

बरं, सरकारने काही केलं नाही असंही नाही, ते मानायलाच हवं. 2018 मध्ये म्हाताऱ्यांच्या काळजीची चौकशी करायला रॉयल कमिशन म्हणजे सरकारी आयोग बसला, 2019 च्या अंतरिम अहवालाचं नावच ‘हेळसांड’ अशा अर्थाचं होतं, स्वतःच्या देशाबद्दल इतकं उघड लिहायला हिंमत लागते. 2021 मध्ये 148 शिफारशी आल्या. पूर्वी कोणाला किती काळजी लागते हे होमच ठरवायचं आणि त्यावर होमलाच सरकारी पैसे मिळायचे, आता बाहेरचा माणूस येऊन तपासतो आणि 13 पैकी एका वर्गात टाकतो. 2023 च्या जुलैपासून चोवीस तास नर्स हवीच, आणि त्याच सुमाराला कामगारांचे पगार 15 टक्के वाढले. आणि हे कामगार कोण? त्या होममध्ये तरी नेपाळच्या, केरळच्या, फिलिपीन्सच्या पोरी. ह्यांचं म्हातारपण आपल्या बाजूच्या हातांवर चाललंय, हे बघून मला उगाच अभिमान वाटतो.

ऑफिसात एकीने विचारलं, तुमच्याकडे सरकार किती देतं? मी ताठ मानेने म्हटलं, आमच्याकडे घरचेच बघतात. घरचे म्हणजे कोण, तर ब्युरोतून आलेल्या मावशी, आणि मी त्यांचे पैसे पाठवते. 2007 चा कायदा आहे आपल्याकडे, आईवडील मुलांकडून निर्वाहाचा खर्च मागू शकतात, पण आमच्या आईला माझ्याकडे काही मागायची वेळच येत नाही, महिन्याच्या एक तारखेला पैसे पोचतात. मावशींची मिनिटं कोणी मोजत नाही, स्टारही देत नाही, पण निदान दोघींत तिसरं कोणी नाही, सरासरी काढायला माणसंच नाहीत ना.

तरी त्या रात्री फोन केलाच. चहा दिला का, गरम होता का, कप हाताशी ठेवला होता का, सगळं विचारलं.

आई म्हणाली, अगं तू फोन केलायस की तपासणीला आलीयेस? मावशी बाहेर गेल्यात, येतील एवढ्यात.

किती वेळ झाला जाऊन, हे मी विचारलं नाही.