मंगळवारचा भाव गुरुवारी

जुन्या गाड्यांचा भाव ठरवणं हे माझं काम. नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचं यार्ड आहे. बावीस वर्षांत इतकी इंजिनं ऐकली की गाडी सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात बरंच कळतं. टॅपेट वाजतंय का, टर्बोची शिट्टी येते का, ऑइलचं झाकण काढल्यावर धूर कसा निघतो. या कानावर मी घर चालवलंय. पण ४ सप्टेंबर २०२५ला, गुरुवारी, त्या कानाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

आदल्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला होता. छोट्या पेट्रोल गाड्यांवर सेससकट २९ टक्के कर होता, तो १८ होणार. ट्रकवरचा २८चा १८ होणार. मोठ्या एसयूव्ही ५०वरून ४०वर येणार. इलेक्ट्रिकवर ५ होता, तो ५च राहणार. सगळं २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. घरात गणपती होते, मुलगा मोबाइलवर बातमी वाचून दाखवत होता, आणि माझ्या पोटात गोळा आला. मंगळवारीच मी एका माणसाला शब्द देऊन बसलो होतो.

तात्या निफाड तालुक्यातले. एकच ट्रक, मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. दहा टायरी, २०१९चा, बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातला. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, हंगामात द्राक्षं, असा तो ट्रक दिल्लीपर्यंत धावलेला. आता गुडघे साथ देत नव्हते. ट्रक विकून सोसायटीचं कर्ज फेडायचं आणि गाडी चालवणं थांबवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मंगळवारी मी दीड तास तो ट्रक तपासला. चॅसिसला कुठे वेल्डिंग नाही, पाटे शाबूत, पुढचे दोन टायर नवे, मागचे रिमोल्ड. बाहेरच्या बीएस-४ ट्रकला दिल्लीत ऑक्टोबर २०२६ अखेरपर्यंतच प्रवेश होता, तेही धरलं आणि सव्वाचौदा लाख सांगितले. टोकन देऊ केलं तर म्हणाले, "तुमचा शब्द आहे ना भाऊ, मग टोकन कशाला?"

गुरुवारी सकाळी सातलाच शेठचा, म्हणजे यार्डाच्या मालकांचा, फोन. कुठलीही गाडी कालच्या भावाने घ्यायची नाही.

शेठचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. नव्या ट्रकची मूळ किंमत २५ लाख धरा. २८ टक्क्यांनी तो ३२ लाखांना पडतो, १८ टक्क्यांनी साडेएकोणतीसला. नवाच अडीच लाखांनी उतरला तर जुना जागच्या जागी कसा राहील? यार्डात तीसेक छोट्या गाड्या गणपतीआधी भरलेल्या, त्यांचंही तेच. पाच लाखांची मूळ किंमत असलेली नवी गाडी ६ लाख ४५ हजारांवरून ५ लाख ९० हजारांवर येणार होती. वर सोमवारपासून पितृपक्ष, तेव्हा गिऱ्हाईक फिरकत नाही.

साडेनऊला तात्या आले. ट्रक धुऊन आणला होता, कागदांची पिशवी काखेत. त्यांच्या मागोमाग एक तरुण इलेक्ट्रिक कार घेऊन शिरला. मुंबई-नाशिक भाड्याने चालवलेली, १ लाख २० हजार किलोमीटर झालेली. मी सवयीने बॉनेटपाशी कान नेला. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. एवढं रनिंग बघून मनात पाच लाखांचा आकडा धरला होता, पण तो कशावरून, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

तो म्हणाला, "दादा, बॅटरी २० टक्क्यांवर आहे. तुमच्या मीटरवर लावतो, फुल होईपर्यंत किती युनिट जातात ते बघा." बॅटरी ३० युनिटांची, चार्जर घरगुती. संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं. लावली.

तात्यांना मी आत नेलं नाही. ट्रकजवळच उभं राहून सगळा हिशेब सांगितला. ते बराच वेळ बोनेटवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "चूक तुमची नाही भाऊ. पण माझी तरी कुठे आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. कर कमी झाला हे चांगलंच झालं. ट्रक हे पोटापाण्याचं अवजार आहे, त्यावर २८ टक्के कर मला कधीच पटला नव्हता. जुना देऊन नवा घेणाऱ्याचं एकीकडे गेलं तरी दुसरीकडे भरून निघतं. पण ज्याला फक्त विकायचं होतं, ज्याची आयुष्याची पुंजी त्या दहा चाकांवर उभी होती, त्याची किंमत झोपेत उतरली. त्याला कोण भरून देणार?

मी शेठना तीनदा फोन केला. ते पावणेतेरावर अडले होते. मंगळवारी शब्द मी दिला होता आणि मी तुमच्या वतीनेच बोलतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. दुपारी एकदाचे १३ लाख ४० हजारांवर आले. त्यापुढे नाही म्हणाले.

तात्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि यार्डातच बसून राहिले. चहा आला. तो तरुण आणि तात्या बोलत बसले. तात्यांचा भरलेला ट्रक लिटरला चारच्या आसपास देतो, डिझेल नव्वदीच्या पुढे, म्हणजे नुसतं डिझेलच किलोमीटरला बावीस-तेवीस रुपये. तरुणाची गाडी एका युनिटात साडेसहा किलोमीटर. तो म्हणाला, माल ओढणाऱ्या गाड्याही अशाच होतील. तात्या म्हणाले, दहा-बारा तास सलग चालवणाऱ्याला चार्जिंगला थांबणं परवडणार नाही, टोमॅटो वाट बघत नाही. मग उठून त्यांनी त्या कारभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "हिचा आवाजच नाही, तर बिघाड कळतो कसा?"

मी मीटरकडे बोट दाखवलं.

सहाच्या सुमारास चार्जिंग पूर्ण झालं. पंचवीस युनिट गेले होते. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीत साडेबावीस भरले, तेही ऐंशी टक्क्यांसाठी. पूर्ण बॅटरी अठ्ठावीसच्या आसपास भरली. इतकं धावूनही जेमतेम सहा टक्के उतरलेली. वॉरंटीही शिल्लक, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. मी पाचाचे पावणेसहा केले. नुसत्या रनिंगवरून भाव लावला असता तर त्या पोराचे पाऊण लाख माझ्या अज्ञानात गेले असते.

तात्यांनी १३ लाख ४० हजारांना ट्रक दिला. केबिनमधला देवीचा फोटो काढून पिशवीत ठेवला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, एनओसीच्या कागदांवर सह्या केल्या. त्या तरुणाने त्यांना पिंपळगावपर्यंत सोडलं.

रात्री यार्ड बंद करताना मी मूल्यांकनाच्या छापील पानावर पेनाने दोन रकाने वाढवले. एकात, हा भाव कोणत्या तारखेपर्यंत धरायचा. दुसऱ्यात, तो कशावरून काढला. हल्ली तोंडी भाव मी सांगत नाही. ज्याची गाडी, त्याच्या हातात ते पान देतो.