उसाच्या कडेनं

नातेपुते सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्री पाऊस होऊन गेला होता. माळशिरसच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस उभा, डोक्याच्या वर गेलेला, पानांवर अजून पाणी. दिवेघाट, सासवड, जेजुरी असा उघडा मुलूख चालून आलेली मी. एवढं हिरवं बघून पाय थबकले. "किती सुंदर आहे हो," तोंडातून निघून गेलं.

आमच्या दिंडीतले आबा कराडकडचे, बागायतदार. त्यांनी बांधाशी जाऊन एक पेरं वितीनं मापलं. "८६०३२ जातीचा ऊस आहे. एकरी साठ टन कुठं जात नाही." मग नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, खताचे भाव, कारखान्याकडून उशिरा येणारं बिल. "ह्याचं यंदा बरं होईल," ते मनापासून म्हणाले, कधी न पाहिलेल्या त्या शेतकऱ्याबद्दल.

मावशी गप्प होत्या. त्या बीड जिल्ह्यातल्या. आळंदीपासून डोक्यावर तुळस, खाली जुन्या लुगड्याची चुंबळ, आणि दोन्ही हात मोकळे टाळ्यांना. तोल कसा सांभाळता, असं मी मागे विचारलं होतं. "सवय हाय, माउली," एवढंच उत्तर.

सवय कसली, ते त्या सकाळी कळलं. दसरा झाला की ऊसतोडीला गाव सोडायचं. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल आधीच खर्चून गेलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा. पहाटे फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. तान्हं पोर पाचटावर निजवलेलं. एक दिवस आजारी पडलं तरी खाडा, पैसे कापले जायचे. "ह्याच अंगाला दोन साल होतो आमी," त्या म्हणाल्या. "ऊस लई दाट आला की वाईट वाटायचं. पान कापतं." त्यांनी हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या, आणि अंगठ्याखाली एक जाड वण, कोयत्याचा.

आबांनी ऐकलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मावशींच्या डोक्यावरची तुळस त्यांनी मागून घेतली आणि स्वतःच्या पागोट्यावर ठेवली. एका हातानं धरावी लागली त्यांना.

त्या दुपारी पुरंदवड्याला गोल रिंगण झालं. अश्व धावले, टापांखालची माती कपाळाला लावली. ते सगळं पुन्हा कधीतरी लिहीन.

माझी नजर मात्र संध्याकाळपर्यंत फडांवरून हलेना. एका शेताच्या टोकाला मोकळी, सपाट जागा दिसली. मी मावशींना विचारलं, "इथे तोडणीवाले राहायला कोप्या घालत असतील ना?"

त्यांनी एकदा बघितलं. "न्हाय. हितनं पाणी लांब पडतंय."