अवताराची मैफल आणि सासूबाई

आपल्याकडे पंचाहत्तरी पूर्ण व्हायची कुणी वाट बघत नाही. चौऱ्याहत्तर झाली, की 'अमृतमहोत्सवी वर्षात पदार्पण' म्हणून शाल-श्रीफळ तयार. माणसांचं तेच, शाळांचं तेच, पतसंस्थांचंही तेच. पदार्पणाचा एक समारंभ, पूर्तीचा दुसरा. हा हिशोब फक्त मराठी नाही, हे मला लंडनमध्ये कळलं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका अमेरिकेत निकलोडियनवर २१ फेब्रुवारी २००५ ला सुरू झाली. तिच्या संगीताची मैफल पुढे विसाव्या वाढदिवसाच्या नावाने गावोगाव फिरली, पण पहिला प्रयोग लंडनला झाला तो २१ जानेवारी २०२४ ला. म्हणजे विसाव्यात पदार्पण करायलासुद्धा महिना बाकी! चाहत्यांपैकी कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

तक्रार करायचा हक्क होता तो माझ्या बायकोला. तिकिटं आम्हा दोघांची काढली होती, आणि मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली. तान्ह्या पोरीला टाकून जाणं शक्य नव्हतं आणि तिकीट वाया घालवणं आमच्या रक्तात नव्हतं. शेवटी बायकोच म्हणाली, "आईला ने. आल्यापासून डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी यापलीकडे तिने लंडन बघितलेलं नाही." घरी तिचे बाबा होते. ते अयोध्येच्या बातम्या लावून बसले होते आणि नातीकडे लक्ष ठेवायला एका पायावर तयार होते.

सासूबाई मिरजेच्या. गाण्यात विशारद, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मिरजेतल्या मुलांना वाद्य कसं वाजतं हे कळायच्या आधी ते कसं बनतं हे दिसतं. पंढरपूरकडचे भोपळे यायचे, वाळायचे, आणि त्यांच्या सतारी-तंबोरे होऊन बाहेर पडायचे, हे त्यांनी शाळेच्या वाटेवर पाहिलेलं. वर दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या रात्रभराच्या बैठका. अशा बाईंना कार्टूनच्या संगीताला चला म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांनी एकच विचारलं, "वाद्यं खरी आहेत ना?"

"खरी."

"मग चला, जावईबापू."

हाउन्स्लोहून हॅमरस्मिथला जाताना पिकॅडिली लाइनमध्ये मी त्यांना गोष्ट सांगायला घेतली. जगात चार राष्ट्रं. जल, पृथ्वी, अग्नी, वायू. प्रत्येक राष्ट्रात काही माणसं अशी, की हातापायांच्या हालचालींनी आपलं तत्त्व हवं तसं वळवतात. पाण्याच्या हालचाली ताई चीवरून घेतलेल्या, अग्नीच्या उत्तरेकडच्या शाओलिनवरून...

"आकाश राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"अं?"

"भूतं पाच असतात. तुम्ही चारच सांगितलीत."

मी मालिका किती वेळा पाहिली आहे हे सांगण्यात अर्थ नाही, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी घाईघाईने पुढे गेलो. चारही तत्त्वं ज्याला वश होतात तो अवतार. या खेपेचा अवतार म्हणजे आंग, बारा वर्षांचा मुलगा, शंभर वर्षं बर्फात गोठून पडलेला. तोवर अग्निराष्ट्राने जग जिंकत आणलेलं, आणि आंगचे सगळे वायुपंथी भिक्षू मारून टाकलेले. त्याच्या मागावर अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको. त्याला बापाने तोंड भाजून हाकलून दिलंय. सोबत चहा पाजत फिरणारा इरोकाका. मग मी माझा हुकमी पत्ता काढला, गुरू पथिक. मूलाधारापासून सहस्रारापर्यंत सात चक्रं उघडायला शिकवणारा साधू, थेट अमेरिकन कार्टूनमध्ये! तो आंगला कांदा आणि केळ्याचा रस पाजतो, हे मी उत्साहात सांगून बसलो. सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. चक्रांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. कांदा-केळ्याबद्दल मात्र घरी गेल्यावर बोलल्या.

हॅमरस्मिथचं अपोलो १९३२ साली गोमाँ पॅलेस नावाचं सिनेमागृह म्हणून उघडलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच, त्यामुळे मला या इमारतीबद्दल उगीचच गाववाल्यासारखी आपुलकी आहे. रांगेत बहुतेक तिशीतली माणसं. थंडीत गोटे करून कपाळावर निळा बाण रंगवलेले आंग, पांढऱ्या चेहऱ्याच्या क्योशी वीरांगना, आणि एक जण चक्क लाकडी फळीवर कोबी मांडून आलेला. मालिकेत एक कोबीवाला आहे. नायकमंडळी कुठेही पळापळ करोत, गाडी याचीच उलथते, आणि तो आपल्या कोबींच्या नावाने टाहो फोडतो. तेवढंच त्याचं काम, पण लोकांचा जीव त्याच्यावर. आत मैफलीत तो पडद्यावर आल्याबरोबर अख्ख्या थिएटरने एका सुरात तो टाहो फोडला. सासूबाई दचकल्या. मी समजावलं. "एवढ्या महागाचं तिकीट काढून कोबीसाठी ओरडतात?" म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी हळूच हसल्या.

अशा मैफलीत वर पडदा असतो आणि खाली वाद्यवृंद. तीन पर्वांतले निवडक प्रसंग पडद्यावर चालू राहतात. मूळ फितीतून संवाद आणि आवाज ठेवतात, संगीत तेवढं काढून टाकतात, आणि ते समोर बसलेले लोक वाजवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण पडदा कुणासाठी थांबत नाही. म्हणून संचालकाच्या पुढ्यात एक छोटा पडदा असतो. त्यावर तेच चित्र, आणि त्यावरून सरकत जाणाऱ्या रंगीत उभ्या रेघा. रेघ कडेला पोचली, पांढरा ठिपका लुकलुकला, की त्या क्षणी सम पडलीच पाहिजे. वादकांच्या कानात ठोक्याचा टिक-टिक आवाज सोडलेला असतो.

"त्यांच्या कानात काय आहे?" सासूबाईंनी अंधारात विचारलं.

"ठेका."

"सगळ्यांच्या?" थोडं थांबून म्हणाल्या, "मग एकमेकांचं ऐकतात कधी?"

त्यांचं खरं लक्ष होतं एरहूवर. चिनी वाद्य, दोनच तारा, खाली सापाच्या कातड्याने मढवलेली छोटी पेटी. गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून वेगळा करताच येत नाही. हे मी त्यांना मध्यंतरात फोनवर चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते मोठं करून करून पाहिलं, कातडं कसं ताणलंय, घोडी कुठे बसवलीय. "सारंगीची धाकटी बहीण," म्हणाल्या. "गरीब घरी दिलेली, पण गळा तोच." मालिकेतलं त्सुंगी हॉर्न नावाचं वाद्य जगात कुठेच अस्तित्वात नाही, हे ऐकून मात्र त्या नाराज झाल्या. नसलेलं वाद्य गोष्टीत घालायचं, हे मिरजेच्या हिशोबात बसत नव्हतं.

आता माझं सांगतो. मी ही मालिका पाहिली ती हॉस्टेलवर, डीसी प्लस प्लस या फायली वाटून घ्यायच्या प्रोग्रामवरून उतरवून, पुसट चित्र आणि एका कानाने अधू झालेला हेडफोन अशा थाटात. ६१ भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. हॉस्टेलचं लॅन, म्हणजे आतलं नेटवर्क, बंद व्हायच्या आत जेवढे मिळतील तेवढे. त्या संगीतावर माझं प्रेम बसलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की त्यात वाद्यवृंद जवळपास नव्हताच. टीव्हीच्या कार्टूनला एवढा पैसा कोण देणार? जेरेमी झुकरमन या संगीतकाराने त्यातलं बरंचसं संगीत संगणकात साठवलेल्या नमुन्यांवर उभं केलं, मध्ये मध्ये एखादं खरं वाद्य. अधिकृत अल्बम तर कित्येक वर्षं निघालाच नाही. लोक भागांमधून तुकडे कापून ऐकायचे, मागे संवाद आणि आगीचे भडके तसेच. मीही तसेच ऐकले. त्यामुळे माझ्या कानात एक सूर सुरू झाला, की त्याच्यामागे कुणाचं तरी अर्धं वाक्य येतंच.

अपोलोत पहिल्या पर्वाचा शेवट आला, समुद्रातून उठलेला तो प्रचंड जलदैत्य अग्निराष्ट्राचं आरमार झोपवतो तो, तेव्हा वाटलं की याचसाठी वाट बघत होतो. ढोलांचा आवाज खुर्चीतून पाठीत शिरला. संगणकाला हे कधी जमलं नसतं. पण नंतर, शांत प्रसंगांना, मला त्या पातळ, गरीब आवाजाची आठवण यायला लागली. एकच सूर, मागे बरीचशी शांतता. पैसे नव्हते म्हणून ती शांतता होती, हे कबूल. पण होती ती चांगली होती.

मध्यंतरात मी हे बोललो. वाटलं, सासूबाई म्हणतील, खऱ्या वाद्याची सर कशाला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे खाँसाहेबांची तबकडी होती. तीन मिनिटांची ठुमरी, निम्मी खरखर. हिच्या बाबांनी मोठ्या हौसेने ती सीडीवर साफ केलेली आणली. एकदम स्वच्छ. मी दोनदा लावली आणि ठेवून दिली." एवढं बोलून त्या आइस्क्रीमच्या रांगेकडे बघायला लागल्या. थिएटरात मध्यंतराला छोटे डबे घेऊन आइस्क्रीम खातात ही एकच ब्रिटिश गोष्ट त्यांना मनापासून पटलेली आहे.

दुसऱ्या भागात इरोची गोष्ट आली. ज्यांनी मालिका पाहिली आहे त्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी: इरो दिवसभर बा सिंग से शहरात हिंडतो, एका रडणाऱ्या मुलाला गाणं म्हणून हसवतो, अनोळखी लोकांना मदत करतो. संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली लढाईत गेलेल्या आपल्या मुलाची तसबीर मांडतो. त्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो. आणि तो तेच गाणं पुन्हा म्हणतो, पण ते पुरं होत नाही. इरोला आवाज दिला होता माको या जपानी-अमेरिकी नटाने. २१ जुलै २००६ ला ते गेले, आणि हा भाग दाखवला गेला २९ सप्टेंबरला. इरोच्या त्या तुकड्याला त्यांच्या नावाची अर्पणपत्रिका आहे.

थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज. माझंही त्यात होतंच. पण मी त्या वेळी वादकांकडे पाहत होतो, सासूबाईंच्या मघाच्या प्रश्नामुळे. आपल्याकडे साथ करणारा गवयाच्या तोंडाकडे बघत असतो. गवई रेंगाळला तर पेटी रेंगाळते, गवयाने जागा घेतली तर पेटी ती परत देते. इथे गाणारा वर पडद्यावर, १८ वर्षांपूर्वी ठरलेल्या जागी श्वास घेणारा. त्याला काही देता येत नव्हतं आणि त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं. त्याचा आवाज फुटायचा तिथेच फुटणार, आणि यांनी तेवढ्यापुरतं बाजूला व्हायचं. संचालकाने हात जवळजवळ हलवला नाही. मला वाटतं, संबंध मैफलीतली सगळ्यात अवघड साथ ती होती.

मग शेवटचं अग्नी काई. झुको आणि त्याची बहीण अझुला यांचं द्वंद्व, मूळ मालिकेच्या चार भागांच्या शेवटातलं, १९ जुलै २००८ चं. एकीकडे निळी आग, एकीकडे केशरी, वर धूमकेतूमुळे लाल आभाळ. या प्रसंगाची खुबी अशी, की आगीचे आवाज जवळजवळ दाबलेत आणि संगीत लढाईचं नाहीच. सासूबाईंना बहीण-भाऊ हे मी सांगितलं नव्हतं. गाडीत तेवढं राहून गेलं. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "हे युद्धाचं नाही हो. मयताचं आहे. कोण लागतात एकमेकांचे?"

बाहेर पडलो तर वारा सुटलेला. त्या रात्री ब्रिटनवर इशा नावाचं वादळ आलं होतं. वायूला वश करणाऱ्याची मैफल संपावी आणि वादळाने दारात उभं राहावं, याची गंमत रांगेतल्या प्रत्येकाला वाटत होती, आणि जो तो आपणच पहिल्यांदा सुचल्यासारखा बोलत होता. एका आंगने वाऱ्यासमोर दोन्ही हात पुढे करून पाहिले. त्याची टोपी गेली. हॅमरस्मिथचा फलाट उघडा आहे. गाड्या उशिरा. सासूबाई स्वेटरवर शाल, शालीवर माझं जाकीट घालून बाकावर बसल्या होत्या, आणि झुकोचा विषय त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

"बापाने तोंड भाजलं तेव्हा त्याची आई कुठे होती?"

"ती आधीच गेलेली. म्हणजे, परागंदा. एका रात्री त्याचा निरोप घेऊन निघून गेली."

"मग? शेवटी सापडते ना?"

मी सांगितलं, की शेवटी झुको राजा होतो, तुरुंगात बापासमोर उभा राहतो आणि विचारतो, माझी आई कुठे आहे? आणि तिथे प्रसंग तुटतो. मालिका संपते. उत्तर येत नाही.

"एकसष्ट भाग," सासूबाई म्हणाल्या. आकडा त्यांनी बरोबर लक्षात ठेवला होता. "त्यात त्या कोबीवाल्याला वेळ आहे. कांद्या-केळ्याचा रस करायला वेळ आहे. आणि पोराची आई शोधायला नाही?"

मी म्हटलं, पुढे चित्रकथांची पुस्तकं निघाली. २०१३ सालच्या तीन भागांत तिचा शोध आहे, त्यात सगळं कळतं.

"सापडते?"

"आधी सांगू?"

"नको." गाडी आली. आत बसून शाल सारखी करत म्हणाल्या, "ती तिन्ही मागवा. आणि लवकर, मी परत जायच्या आत आली पाहिजेत."

मी ऑस्टरली यायच्या आत मागवली.