वाघ सोडून उंटाकडे

नागपूरच्या चित्रकारानं वाघ काढला नाही, तर लोकांना त्याची काळजी वाटायला लागते. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरं काय होणार! माझ्याही भिंतींवर वाघच वाघ आहेत. बांबूच्या सावल्या, सागाची मोठी पानं, पट्टे. या जानेवारीत मात्र हिरव्या रंगाच्या ट्यूबा घरीच ठेवल्या आणि जैसलमेरची तिकिटं काढली. मित्र म्हणाला, "काहून बे? ऊनच पाहायचं तर मे महिन्यात बर्डीवर उभा राह्य ना!"

जोधपूर, तिथून जैसलमेर. किल्ला 1156 सालचा, पिवळ्या दगडाचा, आणि आतमध्ये आजही माणसं राहतात. पण तो इतक्यांनी इतक्या वेळा रंगवलाय की मी एक रेखाटन करून खुरी गावाकडच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघालो. सम या दुसऱ्या गावाच्या टेकड्यांवर जीपांचा आणि गाण्यांचा गोंगाट फार.

दुपारच्या वाळूला रंगच नसतो. ऊन डोक्यावर, सावली नाही, सगळं सपाट. चारनंतर टेकड्या उठून दिसायला लागतात. वारा येतो त्या बाजूचा चढ हलका, पलीकडचा उतार मात्र 34 अंशांच्या आसपास, वाळू जितकी तीव्र टिकू शकते तितका. दोन्ही बाजू जिथं भेटतात तिथं सुरीनं कापल्यासारखी रेघ. तिच्या अलीकडे येलो ऑकर (मातकट पिवळा), पलीकडे निळसर जांभळा, कारण सावलीत पोचतो तो फक्त आभाळाचा उजेड. वाळवंट पिवळं असतं हे ज्यानं ठरवलं तो बहुतेक सकाळी दहाला पोचून बाराला परतला असावा.

हवा इतकी कोरडी की वॉश (जलरंगाचा पातळ थर) टाकता टाकताच कडा धरतो. नागपुरात श्रावणात कागद वाळायची वाट बघत चहा होतो, इथं ब्रश उचलेपर्यंत काम संपतं. पाण्यात थेंबभर ग्लिसरीन घातलं तेव्हा कुठं आभाळ एकसंध उतरलं.

उंट काढताना रंगापेक्षा चाल महत्त्वाची. तो एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच टाकतो, म्हणून अख्खं धड डावी-उजवीकडे झुलतं. घोड्याची सवय झालेला हात इथं अडखळतो. बसताना आधी पुढचे गुडघे, मग मागचा भाग, आणि शेवटी छातीखालचा जाड घट्टा जमिनीला टेकतो. उंटवाल्या काकांनी माझ्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा उठबस करायला लावली. शेवटी उंटानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वही मिटली.

खरी गंमत चिंकारा या छोट्या हरणानं केली. खेजडीखाली (आपली शमीच ती) उभा होता, समोर, आणि तरी दिसत नव्हता. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की वरून उजेड पडतो तेव्हा वरची बाजू फिकी ठेवा, खालची गडद करा, म्हणजे वस्तूला गोलाई येते. चिंकाऱ्याच्या अंगावर नेमकं उलटं शेडिंग! ऊन पाठ उजळवतं, सावली पोट काळवंडवते, दोन्ही मिळून हिशेब शून्य आणि प्राणी चपटा. ही गोष्ट 1896 साली मांडणारा ॲबट थेयर हा अमेरिकन माणूस चित्रकारच होता. पुढं तो इतका वाहवला की सूर्यास्तात लपता यावं म्हणून फ्लेमिंगो गुलाबी असतात, असंही म्हणाला, आणि थिओडोर रूझवेल्टनं त्याची जाहीर खिल्ली उडवली. पण चिंकाऱ्यापुरता तो बरोबर होता. वाघाचं पोटही पांढरंच असतं की. पट्ट्यांच्या नादात मी त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

तिथल्या डेझर्ट नॅशनल पार्कात, सुदासरीला, दुर्बिणीतून माळढोक दिसला. तिथं त्याला गोडावण म्हणतात. काळी टोपी, पांढरी मान, मीटरभर उंची. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एकेकाळी आपल्या नान्नजच्या माळावर, वरोऱ्याच्या शिवारातही तो असायचा. आता देशभरात जेमतेम दीडशे उरलेत आणि बहुतेक इथंच. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं समोरचं त्याला नीट दिसत नाही, अंग जड, म्हणून विजेच्या तारा शेवटच्या क्षणी चुकवणं जमत नाही. आणि तारा तर क्षितिजभर आहेत, पवनचक्क्यांसकट. रेखाटनात त्या गाळायच्या की ठेवायच्या यावर बराच वेळ घालवला. ठेवल्या. गाळल्या असत्या तर चित्र देखणं झालं असतं, पण कॅलेंडरचं.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पहाटेसाठी जाड स्वेटर घ्या. डेझर्ट नॅशनल पार्कच्या परवानगीचं काम जैसलमेरातच उरका. रंगांच्या वड्या नेऊ नका, त्यात वाळू बसते आणि मग प्रत्येक ब्रश कागद खरवडतो. ट्यूबाच बऱ्या. येलो ऑकर नेहमीएवढाच घ्या, अल्ट्रामरीन (गडद निळा) मात्र सावल्यांसाठी जास्त लागतो.