पोषण शिकवणाऱ्या बाईचं ताट

इंदूरला रामबागेतल्या मावशीला माझी नोकरी अजून पटलेली नाही. "अमेरिकेत जाऊन लोकांना जेवायला शिकवतेस? आणि त्याचा पगार मिळतो?" मिळतो, मावशी.

इथे १९६९ पासून 'एफनेप' नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. विद्यापीठं तो चालवतात. कमी उत्पन्नाच्या घरांना थोड्या पैशांत सकस कसं रांधावं, ते आम्ही शिकवतो. वर्ग सुरू होताना आणि संपताना प्रत्येकीला विचारायचं, कालच्या दिवसभरात काय काय खाल्लंत? दुसऱ्यांचं खाणं लिहिता लिहिता स्वतःचंही मोजायची सवय लागते. दिवसाला जास्तीत जास्त २,३०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर मीठ, हे फळ्यावर लिहायचं आणि घरी येऊन आईने धाडलेलं जिरावन, म्हणजे इंदुरी खारट मसाला, पोह्यांवर सढळ हाताने भुरभुरवायचं, हे फार दिवस जमत नाही. शेव सोडली नाही (इंदूरची आहे मी), वाटी लहान केली. बाजारात विद्यार्थिनी भेटली की आधी माझ्या ट्रॉलीत डोकावते, म्हणून चिप्सवर पालकाची जुडी ठेवते, ते वेगळंच.

तब्येतीला हे मानवलं. मनाचं तसं नाही. एकीने सांगितलं, दुपारी काही नाही, रात्री मुलांच्या ताटात उरलं ते. मुलांना पुरावं म्हणून. मी लिहून घेतलं. पुढे 'अर्धं ताट भाज्या-फळांनी भरा' हे सांगायचं होतं, ते तोंडातून निघेना. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

इंदूरला वहिनी अंगणवाडीत आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर हसली. "वस्तीतल्या प्रत्येक पोराचं वजन मला तोंडपाठ आहे. माझं शेवटचं कधी केलं, ते विचारू नकोस."

असं मोकळं बोलायला इथे वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये उभं राहावं लागतं. कामाच्या वेळेत त्याला जागा नाही, आणि ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आता तर नोकरीचाच भरवसा नाही. आमच्यासारखंच काम करणाऱ्या 'स्नॅप-एड'चा केंद्राचा निधी २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने काढून घेतला, सप्टेंबरअखेर तो थांबला. त्यात माझी एक मैत्रीण घरी बसली. हल्ली एका शाळेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरते. पगार कमी, पण रात्री झोप लागते म्हणते. खरं सांगू, मला तिचा हेवा वाटला.